वाया गेलेला दिवस

व्हिसाच्या अर्जासाठी मागच्या प्रवासाची कागदपत्रे हवी होती, म्हणून कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. तिच्या बाजूच्या कप्प्यात तिकिटांची चळत, घडीवर फाटलेला एक नकाशा आणि चार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये फिरताना मी रोज रात्री लिहीत असे ती निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. मी कागद लावत बसले होते आणि आमची आठ वर्षांची मुलगी शेजारी पालथी पडून वही वाचत होती. त्या प्रवासात ती चार वर्षांची होती आणि तिला अक्षरओळख नव्हती; आता डोळ्यांसमोर येईल ते वाचून काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. वहीत प्रत्येक तारखेखाली पानभर मजकूर होता: काय पाहिले, बोट किती वाजता सुटली, कुठे किती युरो खर्च झाले. एका पानावर मात्र तारखेखाली दोनच शब्द होते. ते तिने मोठ्याने वाचले, "वाया गेला." मग मान वर करून विचारले, "आई, काय वाया गेलं?"

"तो दिवस," मी म्हणाले. "वारा फार होता, बोट सुटली नाही, आपलं डेलोस बेट बघायचं राहिलं."

ती जराशी घुटमळली. "पण त्याच दिवशी आपण गोळे जमवले होते ना?" असे म्हणत तिने बॅगेच्या त्याच कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाशी चाचपडून एक तपकिरी, केसाळ, लिंबाएवढा गोळा बाहेर काढला.

गोळ्याला वजन म्हणून नव्हते. तळहातावर घेतला तेव्हा फरशीवर वाळूचे चार कण सांडले, आणि नाकाशी नेला तर मीठ आणि वाळलेले गवत यांचा मिसळलेला वास चार वर्षांनंतरही त्याला येत होता. हे पोसिडोनियाचे धागे. भूमध्य समुद्राच्या उथळ, स्वच्छ पाण्याखाली या वनस्पतीची कुरणे पसरलेली असतात. तिला मी शेवाळ समजत असे. पण तिला मुळे असतात, फुले येतात, फळे धरतात, आणि तिची ही जात या एका समुद्राखेरीज जगात इतरत्र कुठेही आपसूक वाढत नाही. पाने झडून गेली की बुंध्याशी उरलेल्या देठांचे तंतू सुटे होतात, लाटा त्यांना तळाच्या वाळूवर पुढेमागे लोळवत राहतात, आणि कोणी बसून हाताने वळले असावेत असे गोळे तयार होऊन किनाऱ्याला लागतात. त्यांच्याबरोबर वाळलेल्या पानांचे ढीगही येतात. अनेक ठिकाणी ते पर्यटकांना नकोत म्हणून यंत्राने उचलून नेतात. खरे तर हिवाळ्यातल्या लाटांपासून किनाऱ्यावरची वाळू धरून ठेवण्याचे काम तेच ढीग करतात. हे सगळे मी नंतर वाचले. त्या दिवशी मुलांनी गोळे माझ्यासमोर आणून धरले, तेव्हा मी त्यांच्याकडे धड पाहिलेसुद्धा नव्हते.

वहीच्या त्या पानावर गोळ्यांबद्दल एक अक्षरही नाही.

डेलोसची ओढ मला फार जुनी. एजियन समुद्रातल्या त्या द्वीपसमूहाला सिक्लाडीस म्हणतात, कारण ती सगळी बेटे डेलोसभोवती कडे करून उभी आहेत अशी ग्रीकांची समजूत होती. आणि ज्याच्याभोवती कडे करायचे ते बेट स्वतः जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे, खडकाळ आणि ओसाड. देवी लेटो झ्यूसपासून गरोदर होती आणि झ्यूसची बायको हेरा हिच्या धाकाने कोणतीही भूमी तिला बाळंतपणासाठी थारा देत नव्हती, तेव्हा ज्याच्याकडे गमावण्यासारखे काहीच नव्हते त्या या बेटाने तिला जागा दिली आणि तिथे अपोलो देव जन्मला, अशी कथा आहे. पण त्याच डेलोसची शुद्धी करायची म्हणून इ. स. पू. ४२६ च्या हिवाळ्यात अथेन्सकरांनी तिथली सारी थडगी उकरून हलवली आणि यापुढे या बेटावर कोणी जन्मू नये की मरू नये असा नियम केला. दिवस भरत आलेल्या बायका आणि शेवटच्या घटका मोजणारी माणसे बोटीत घालून शेजारच्या ऱ्हेनिया बेटावर नेली जात. ज्या बेटाची सारी पुण्याई एका अडलेल्या बाईला आसरा दिल्याची, तिथेच पुढे बाळंतपणाला बंदी यावी, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा मुलगा माझ्या पोटात होता. मुक्काम करायला आजही तिथे परवानगी नाही. सकाळी बोटीने जायचे आणि दुपारी परतायचे. तेरा वर्षे मी त्या बेटाचे नकाशे पाहत आले आहे. पवित्र तळे कुठे होते, १९२५ मध्ये हिवतापाच्या भीतीने ते कसे आटवले, त्याच्या मधोमध आता एक ताडाचे झाड कसे उभे आहे आणि त्या बाजूला तोंड करून नॅक्सोस बेटाच्या लोकांनी वाहिलेल्या संगमरवरी सिंहांच्या प्रतिकृती कशा बसल्या आहेत, हे मला न जाता पाठ आहे.

आणि मग तो दिवस. आम्ही नॅक्सोसला होतो, जुलै संपत आला होता. उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, या फरकामुळे तो वाहतो, आणि तुर्कस्तानावरचा तो कमी दाब म्हणजे दक्षिण आशियात मान्सूनला ओढून आणणाऱ्या कमी दाबाच्याच पट्ट्याचे पश्चिमेचे टोक. या वाऱ्याची पंचाईत अशी की तो ढग आणत नाही, पाऊस आणत नाही. आकाश धुतल्यासारखे निळे, ऊन लख्ख, समुद्रावर पांढऱ्या फेसाची टोके, आणि बंदरात सगळ्या बोटी दोरखंडांनी जखडलेल्या. सकाळी सात वाजता पाठीवर पिशव्या, डोक्यावर टोप्या, पाण्याच्या चार बाटल्या अशा तयारीने आम्ही धक्क्यावर पोहोचलो, तर तिकीट खिडकीतल्या बाईंनी एकच शब्द उच्चारला: अपागोरेफ्तिको. बंदर अधिकाऱ्यांनी बोटी सोडण्यास मनाई केली की तिथे हाच शब्द ऐकू येतो, आणि तो ऐकल्यावर हुज्जत घालण्यासारखे काही उरत नाही. मोठ्या बोटींच्या मानाने डेलोसला जाणारी सहलीची बोट लहान, त्यामुळे ती आधी थांबते. दुसऱ्या दिवशी आमचे पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, परतायचे तिकीट होते आणि त्याच संध्याकाळचे अथेन्सहून विमान. सगळे एकाला एक जोडलेले. मी आखले होते तसेच, कुठेही सैल न ठेवलेले.

त्यानंतरचे मला तुटक आठवते. बंदराच्या टोकाशी, एका छोट्याशा बेटावर, अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे. इ. स. पू. सहाव्या शतकातली, माणसाच्या तिपटीहून उंच, आत देऊळ नाही, छप्पर नाही, नुसतेच दार. तिचे तोंड डेलोसच्या दिशेला आहे असे सांगतात. तिथवर जाणाऱ्या बांधावर लाटा फुटत होत्या, तुषारांनी आमचे कपडे भिजले, आणि मी त्या दारात उभी राहून न दिसणाऱ्या बेटाकडे पाहत राहिले. मग आम्ही वाऱ्याच्या आडोशाचा एक किनारा शोधला. मी सगळा वेळ फोनवर तिकिटे बदलता येतात का हे पाहत होते. माझ्या मागे मुले काय करत होती ते मला आज सांगता येणार नाही. ते मुलीने सांगितले. दोघांनी वाळूचा किल्ला केला, त्याला तोफा हव्या होत्या, तोफांना गोळे हवे होते, म्हणून त्यांनी किनाऱ्याच्या मागच्या बाजूला, झुडपांच्या मुळाशी वाऱ्याने नेऊन टाकलेले हे गोळे वेचले. दादाने एक गोळा उसवून पाहिला तर आत एक निळा प्लास्टिकचा धागा निघाला, कोणाच्या तरी जाळ्याचा असावा. संध्याकाळी परत निघेपर्यंत किल्ला जागच्या जागी होता. "समुद्र वर आलाच नाही," ती म्हणाली. "दादा वाट बघत होता, पण आलाच नाही."

समुद्र वर येत नाही हे तिचे निरीक्षण अगदी खरे आहे. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद आहे. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे १४ किलोमीटरची, तेवढ्या फटीतून महासागराची भरती आत फारशी शिरत नाही, आणि स्वतःची मोठी भरती उठवण्याइतका तो समुद्र मोठा नाही. व्हेनिसच्या बाजूला आणि ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात ती जाणवण्याजोगी असते, इतर बहुतेक ठिकाणी पाणी काही वीत वर-खाली होते इतकेच. मोठ्या महासागराच्या काठी केलेला किल्ला मोडणारच हे मुलांनी गृहीत धरलेले असते. इथे तो दिवसभर टिकतो, आणि मुलांना काय करावे हे कळत नाही. माझ्या मुलाने म्हणे शेवटी तोफा मागे ओढून घेतल्या, कारण शत्रू आलाच नव्हता.

चार वर्षांच्या मुलीला हे सगळे खरोखरच आठवत असेल, की दादाने पुढे कधीतरी सांगितलेले आणि फोटोत पाहिलेले तिने आपले करून घेतले असेल, याविषयी मला शंका आहे. म्हणून संध्याकाळी मुलाला विचारले. तो आता तेरा वर्षांचा आहे आणि मोजकेच बोलतो. किल्ल्याचे त्याला थोडेसे आठवत होते. "मला तू आठवतेस," तो म्हणाला. "धक्क्यावर तू रडत होतीस. गॉगल लावला होतास, पण मला कळलं होतं." एवढे बोलून तो त्याच्या खोलीत गेला. माझी समजूत होती की ते कोणालाही दिसले नव्हते.

तेव्हापासून या वर्षीच्या सहलीचा कागद हातात घेतला की आधी ते पान आठवते.

या वर्षीचा बेत सुरू झाला तो फरशीवर मोठा नकाशा पसरून. माझ्या मनात सबंध समुद्राला प्रदक्षिणा घालण्याचे खूळ कित्येक वर्षांचे आहे. बार्सिलोनापासून निघायचे, मार्सेय, जिनोआ, नेपल्स करत इस्तंबूलपर्यंत जायचे आणि जमेल तेव्हा दक्षिणेच्या काठाने परतायचे. मुलाने दोरा घेऊन किनाऱ्यावरून फिरवायला सुरुवात केली आणि इटलीच्या टाचेपर्यंत येतायेताच दोरा संपला. या समुद्राचा किनारा, बेटे धरून, सुमारे ४६,००० किलोमीटरचा आहे हे सांगितल्यावर त्याने दोरा गुंडाळून ठेवला. मुलीला समुद्राच्या नावाचे नवल वाटले. आपण भूमध्य म्हणतो, पृथ्वीच्या मधला. लॅटिन नावाचा अर्थही तोच, जमिनींच्या मधला. रोमन लोक त्याला 'आमचा समुद्र' म्हणत. तुर्की भाषेत तो 'पांढरा समुद्र' आहे आणि अरबीत 'मधला पांढरा समुद्र'. "पांढरा कसा?" तिने विचारले. मला नॅक्सोसच्या लाटांवरचा तो फेस आठवला.

मग प्रत्येकाने आपापली एक जागा सांगायची असे ठरले. माझ्या पहिल्या यादीत सोळा दिवसांत अकरा गावे होती आणि ती यादी मी अगदी गंभीरपणे केली होती. नवऱ्याने ती वाचून नुसते विचारले, "यात मुलं कधी झोपणार?" त्यामुळे यादी फाडली आणि माणशी एक जागा उरली. नवऱ्याला मेसिनाची सामुद्रधुनी आगगाडीने ओलांडायची आहे. नेपल्सहून सिसिलीला जाणारी गाडी इटलीच्या पायाच्या टोकाशी व्हिला सान जोव्हानी इथे थांबते, तिचे डबे तोडून तुकड्यातुकड्यांनी जहाजाच्या पोटातल्या रुळांवर चढवतात, आणि गाडी समुद्रावरून पलीकडे जाते. पाणी जेमतेम तीन किलोमीटरचे, पण डबे चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात प्रवासी जिन्याने वर डेकवर जाऊन उभे राहू शकतात. हे ऐकल्यावर मुलीने तीन वेळा विचारले की आपण झोपलेलो असलो तरी गाडी बोटीत जाईल का. या बेतात ज्या एका गोष्टीबद्दल चौघांचे एकमत आहे ती हीच.

मुलाने सिसिलीतले सिराक्यूज निवडले ते आर्किमिडीजसाठी. तो याच गावचा आणि इ. स. पू. २१२ मध्ये रोमनांनी गाव जिंकले तेव्हा इथेच मारला गेला. मलाही ते गाव हवेसे वाटते, कारण तिथे पायी चालण्याच्या अंतरात मुलांना गुंतवणाऱ्या गोष्टी आहेत. ऑर्टिजिया बेटावर समुद्रापासून चार पावलांवर गोड्या पाण्याचा झरा आहे आणि त्यात पपायरसची झाडे वाढतात. तिथल्या मुख्य चर्चच्या भिंतीत अथीनाच्या देवळाचे जाडजूड खांब जसेच्या तसे चिणलेले दिसतात. देऊळ पाडून चर्च बांधले नाही, देवळाच्या खांबांमधल्या जागा बुजवल्या आणि चर्च झाले. गावाबाहेर दगडाच्या जुन्या खाणी आहेत. त्यांतल्या एका २३ मीटर उंच, कानाच्या आकाराच्या गुहेत कुजबुजले तरी आवाज घुमतो, आणि तिथे मुलांना ओरडू द्यायचे हे मी आधीच ठरवले आहे. मात्र याच खाणींत इ. स. पू. ४१३ मध्ये सिराक्यूजशी युद्धात हरलेले हजारो अथेन्सकर कैदी उघड्यावर, उन्हात कोंडून ठेवले होते आणि त्यांतले कितीतरी तिथेच मेले. डेलोसवरून मृत्यूला हद्दपार करून जेमतेम तेरा वर्षे झाली होती. मुलाला मी हे सांगणार आहे. मुलीला नाही.

उन्हाचे काय करायचे, यावर आमचे दोन रविवार गेले. युरोप खंडात आजवर नोंदले गेलेले सर्वाधिक तापमान, ४८.८ अंश सेल्सियस, ११ ऑगस्ट २०२१ रोजी याच सिराक्यूजच्या परिसरात मोजले गेले. अथेन्सचे अॅक्रोपोलिस अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेची लाट आली की भर दुपारी काही तास बंद ठेवावे लागले आहे. मुलांबरोबर जायचे तर जून लागताच किंवा सप्टेंबरात जावे, हे कोणीही सांगेल. सप्टेंबरात समुद्रही उन्हाळाभर तापून उबदार झालेला असतो. पण सप्टेंबरात शाळा असते. शेवटी जूनचा पहिला पंधरवडा धरला. पाणी थोडे गार असेल, पण मेल्तेमीचा जोर जुलै-ऑगस्टात असतो, त्यामुळे बोटी सुटण्याची शक्यता अधिक.

आणि दुपारी काहीही आखायचे नाही. मागच्या वेळी दुपारचे दोन ते पाच मला बुडाल्यासारखे वाटत. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच शांतता पाळण्याचा नियमच आहे. गल्लीत पावले वाजत नाहीत, खिडक्यांच्या निळ्या झडपा मिटलेल्या असतात, आणि मी मात्र त्या तापल्या दगडांवरून मुलीला कडेवर घेऊन पुढचे ठिकाण गाठत असे. तिच्या केसांतून घाम ओघळून माझ्या गळ्याशी यायचा. इटलीत दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघरे बंद होतात ती संध्याकाळी सातशिवाय उघडत नाहीत. मुलांना भूक लागते पाचला. ही अडचण आपली, त्या गावांची नव्हे, हे मला फार उशिरा कळले. तिथली मुले दुपारी झोपतात आणि रात्री अकरा वाजता गावच्या चौकात चेंडू खेळत असतात, आजीआजोबा भोवतालच्या बाकांवर बसलेले असतात, आणि कोणीही कोणाला घरी चला म्हणत नाही. आमची मुले तेव्हा दमून झोपलेली असत आणि मी खिडकीशी बसून तो आवाज ऐकत वहीत खर्च लिहीत असे. या वेळी मुलांना दुपारी निजवायचे आणि रात्री चौकात सोडायचे, असे ठरवले आहे. तेरा वर्षांचा मुलगा दुपारी निजेल की नाही, हा प्रश्न वेगळा.

दक्षिणेचा काठ मात्र या वेळीही राहिला, आणि तो राहिला याची टोचणी आहे. सिसिलीपासून ट्युनिशियाचे सर्वांत जवळचे टोक दीडशे किलोमीटरच्या आत आहे. पालेर्मोहून रात्रीची बोट ट्युनिसला जाते. मुलाने विचारले, इतके जवळ आहे तर आपण तिथले कार्थेज हे प्राचीन शहर का पाहत नाही? मी वेळेचे आणि वेगळ्या व्हिसाचे कारण दिले. मग नकाशावर त्या दोन किनाऱ्यांच्या मधल्या पाण्यात त्याला लॅम्पेडुसा दिसले. शाळेत त्याने ते नाव ऐकले होते. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी त्या बेटाच्या अगदी जवळ निर्वासितांची बोट बुडाली आणि ३६८ माणसे मेली. "ते लोक पालेर्मोच्या बोटीने का नाही आले?" त्याने विचारले. माझ्यासमोर तेव्हा आमच्या अर्जाचे कागद पसरलेले होते: मुलांचे जन्मदाखले, आम्हा दोघांची संमतिपत्रे, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, मोठ्यांचे ९० युरो शुल्क, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचे ४५. मागच्या वेळी मुलगी सहाच्या आत होती म्हणून तिला शुल्कच नव्हते. मी त्याला म्हणाले की त्या बोटीवर चढायला हे सगळे कागद लागतात. तो बराच वेळ कागदांकडे पाहत राहिला. लेटोची गोष्ट मी दोन्ही मुलांना कितीदा सांगितली आहे, कोणतीही भूमी तिला उतरू देईना हा भाग तर आवाज बदलून सांगितला आहे. त्या संध्याकाळी ती गोष्ट माझ्या तोंडून निघेना. त्याच पाण्यात आपल्या मुलांना पोहायला घेऊन जायचे आहे, त्यांनी आनंदाने पोहावे असेच मला वाटते, आणि तरीही त्यांतल्या मोठ्याला हे ठाऊक असावे असेही वाटते. या दोन्ही इच्छा एकमेकींशेजारी ठेवल्या की मला बोलता येत नाही.

राहता राहिली माझी जागा. मी काही बोलण्याआधीच नवरा म्हणाला, "तुझं डेलोस." सिसिलीहून विमानाने अथेन्स, पिरेयसहून बोटीने पाच-साडेपाच तासांत नॅक्सोस, तिथे दोन रात्री, मधल्या दिवशी डेलोस. कागदावर चोख बसत होते. मी ते लिहूनही काढले आणि मग माझेच अक्षर ओळखीचे वाटले. तसेच एकाला एक जोडलेले. मी दोनाच्या चार रात्री केल्या, आणि परतीचे विमान बोटीच्या दुसऱ्या दिवशी धरले. त्यासाठी बार्सिलोना गेले, आणि बार्सिलोनाचे मला वाईट वाटते हे लपवण्यात अर्थ नाही. तिथले वास्तुविशारद गाउदीचे चर्च मुलांना दाखवायचे होते. १८८२ मध्ये पाया घातलेल्या त्या इमारतीवर दीडशे वर्षे होत आली तरी माणसे खपत आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे अशी फार इच्छा होती.

गोळ्याचे काय करायचे हा प्रश्न मुलीने काढला. तो परत नेऊन किनाऱ्यावर ठेवावा असे तिचे म्हणणे. सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू, गोटे किंवा शिंपले नेणाऱ्यांना ५०० ते ३,००० युरोपर्यंत दंड होतो, हे मी तिला वाचून दाखवले होते, त्याचा हा परिणाम. आपला गोळा ग्रीसचा आहे, वाळूचा नाही आणि चार वर्षांचा जुना आहे, असे भावाने तिला समजावले. तिला ते पटले नाही. तिने तो एका मोज्यात घालून बॅगेच्या त्याच कप्प्यात ठेवून दिला आहे.

अर्जासोबत दिवसवार आराखडा जोडायचा होता. प्रत्येक तारखेपुढे गाव लिहावे लागते, तारीख कोरी ठेवून चालत नाही. नॅक्सोसच्या पूर्ण हाती असलेल्या तीन दिवसांपैकी एका दिवसापुढे मी डेलोस लिहिले, मग वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून ते खोडले आणि तिन्ही तारखांपुढे नुसते नॅक्सोस लिहिले. मुलीला नवी वही आणली आहे, कारण या वेळी वही तीही लिहिणार आहे. आराखड्यावरून तारखा उतरवून घेताना ती या तीन ओळींपाशी थांबली. "यातला वाऱ्याचा दिवस कुठला?" तिने विचारले. ते आधी कळत नाही, त्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेल्यावरच कळते, असे मी सांगितले. तिने पेन्सिलीचे टोक तपासले आणि आपल्या वहीत तिन्ही तारखांपुढे, सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिले: डेलोस किंवा गोळे.